थांग लागेपर्यंत

माझ्या टेबलावर एक थर्माकोलचा कप आहे. कप म्हणजे कॉफी प्यायला देतात तसला, पण आता तो औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढा झालाय. भाचीने आणून दिला. ती गेल्या वर्षी एका समुद्र-संशोधनाच्या जहाजावर पाच आठवडे होती, आणि या जहाजांवर म्हणे एक जुनी पद्धत आहे, पाण्याचे नमुने घ्यायची ती मोठी लोखंडी चौकट खोल सोडतात ना, तिला जाळीच्या पिशवीत असे कप बांधून द्यायचे. त्यावर मार्करने ज्याला जे हवं ते रंगवायचं, आत कागद कोंबायचा (नाहीतर कप वेडेवाकडे होतात, एकमेकांत अडकून बसतात) आणि द्यायचे सोडून. चार हजार मीटरवर जाऊन आला की हा असा. तिने त्यावर ऑक्टोपस काढला होता आणि खाली माझं नाव, तो ऑक्टोपस आता माझ्या अंगठ्याच्या नखावर मावेल आणि अक्षरं चष्मा लावून वाचावी लागतात, पण एकही रेघ तुटलेली नाही. सगळं जसंच्या तसं, फक्त लहान. हातात घेतला की टणक लागतो, कारण आतली हवा दाबाने पार निघून गेलीय.

पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो, हे मी शाळेपासून वाचत आलेय. पण ते खरं कळलं हा कप हातात घेतल्यावर. चार हजार मीटर म्हणजे चारशे पट. आणि चार हजार मीटर हे काही फार खोलसुद्धा नाही बरं का, जगातल्या समुद्रांची सरासरी खोलीच ३,७०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे या पृथ्वीवरचा बराचसा भाग हा कप जिथे जाऊन आला तसाच आहे, काळोख, थंडगार पाणी आणि हा दाब. नेहमीची जागा तीच, आपण राहतो तो कोपरा वेगळा.

"अथांग" हा शब्द आपण किती सहज वापरतो. अथांग सागर, अथांग माया. अर्थ साधा आहे, ज्याचा थांग लागत नाही ते. पण थांग लागत नाही असं म्हणायला आधी कुणीतरी दोरी सोडून बघायला हवी ना? मला गेली काही वर्षं या दोरी सोडणाऱ्या लोकांचं वेड लागलंय. समुद्राच्या गोष्टी सांगायला बसलं की सगळ्यात खोल कोण गेलं तेच आधी येतं, १९६० च्या जानेवारीत जाक पिकार आणि डॉन वॉल्श मारियाना गर्तेच्या तळाला टेकले, खाली जायला जवळजवळ पाच तास लागले, वाटेत एका खिडकीची काच तडकली, तरी गेले, आणि तळावर वीसेक मिनिटं थांबून परत निघाले. छाती लागते त्याला, प्रश्नच नाही. पण टेकताना उडालेल्या गाळाने समोर सगळं गढूळ झालं आणि तळाचा एक फोटोसुद्धा त्यांना मिळाला नाही. समुद्र आपल्याला कळलाय तो जास्त करून दुसऱ्या लोकांमुळे, तेच ते काम वर्षानुवर्षं न कंटाळता करणाऱ्या. आज त्यांच्याबद्दल लिहायचंय.

सुरुवात अर्थातच चॅलेंजरपासून. एचएमएस चॅलेंजर हे ब्रिटिश जहाज डिसेंबर १८७२ मध्ये निघालं आणि मे १८७६ मध्ये परत आलं. मूळची युद्धनौका, तिच्या बहुतेक तोफा काढून त्या जागी प्रयोगशाळा केल्या. साडेतीन वर्षं, सव्वा लाख किलोमीटरच्या वर प्रवास, आणि वाटेत ३६२ ठिकाणी थांबून तेच ते काम. जहाज उभं करायचं, वजन बांधलेली दोरी सोडायची, दोरीवरच्या खुणा एकेक करून पाण्यात जाताना घड्याळ लावून मोजायच्या. खोली मोजायची ती फॅदममध्ये, म्हणजे आपला वाव, दोन्ही हात पसरले की होतो तो. आता प्रश्न असा की कित्येक किलोमीटर दोरी खाली गेल्यावर वजन तळाला लागलं हे वर कळणार कसं? हाताला तर काही जाणवत नाही, दोरीचं स्वतःचंच वजन इतकं असतं. तर ते दोन खुणांमधला वेळ बघायचे. खुणा ठराविक वेळाने जात असतात आणि एकदम मधला वेळ वाढतो, तोच तळ. मला हे फार आवडतं. तळ दिसला नाही, हाताला लागला नाही, तो घड्याळात सापडला.

२३ मार्च १८७५ ला पॅसिफिकमध्ये त्यांची दोरी ४,४७५ वाव गेली, म्हणजे आठ किलोमीटरपेक्षा जास्त. त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, पण ते मारियाना गर्तेवर उभे होते. परत आल्यावर जे काही गोळा केलं होतं त्याचा अभ्यास करून छापायला १८९५ उजाडलं, पन्नास खंड, आणि सुमारे ४,७०० नव्या जाती. साडेतीन वर्षांच्या प्रवासाला जवळपास वीस वर्षांचं टेबलावरचं काम, हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

चॅलेंजरच्या आधी लोकांचं काय मत होतं तेही सांगायला हवं. एडवर्ड फोर्ब्ज म्हणून एक हुशार निसर्गअभ्यासक होता, त्याने एजियन समुद्रात तळ खरवडून प्राणी गोळा केले आणि पाहिलं की जसजसं खोल जावं तसतसे ते कमी होत जातात, मग ती रेघ पुढे ओढून १८४३ मध्ये त्याने मांडलं की ३०० वावांच्या खाली जीवसृष्टी नसणार. त्याला मूर्ख म्हणायचं कारण नाही, हातात असलेल्या माहितीवरून त्याने अंदाज केला, पण तो एकाच समुद्राचा होता आणि एजियन तर खोलात तसा गरीबच समुद्र. खरी चुटपुट लागते ती पुढच्या गोष्टीची. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १८१८ मध्ये, जॉन रॉसच्या उत्तरेकडच्या मोहिमेत खोली मोजायच्या दोरीला गुंतून तारामाशाच्या नात्यातला एक प्राणी वर आला होता, फोर्ब्जच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त खोलातून. पुरावा जहाजाच्या डेकवर येऊन पडला होता आणि तरी लोक पुढची काही दशकं "खाली काही नाही" हेच धरून बसले. समुद्राच्या अभ्यासात हे पुन्हा पुन्हा होतं. वस्तू समोर येते, पण ती मानायला कुणी तयार नसतं.

दोरीनंतर आला आवाज. पाण्यात उजेड दोनशे मीटरवरच मरायला लागतो आणि हजाराच्या खाली सूर्याचा काहीच पत्ता नसतो, पण आवाज मात्र सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने जातो, हवेपेक्षा चौपटीहून जास्त. म्हणून तळाकडे आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी हे सोनारचं काम जोरात सुरू झालं, आणि तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसायला लागली, ज्या ठिकाणी हजारो मीटर खोल पाणी आहे तिथे तीन-चारशे मीटरवरच तळ असल्यासारखा प्रतिध्वनी येई. आणि हा "तळ" संध्याकाळी वर यायचा, पहाटे खाली जायचा. तळ असा वरखाली होतो का कधी? तो तळ जिवंत होता. छोटे मासे, झिंग्यांसारखे जीव, जेलीसारखे प्राणी, यांचा प्रचंड मोठा थर, रात्री खायला वर येतो आणि उजेडात कुणी खाऊ नये म्हणून परत काळोखात जातो. माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशव्यांवरून आवाज परत येत होता. प्राण्यांचं पृथ्वीवरचं सगळ्यात मोठं स्थलांतर हेच, आणि ते रोज होतं, आज रात्रीही होणार, जगातल्या जवळजवळ प्रत्येक महासागरात. पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आपण किती बोलतो, आणि याबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती.

आता मरी थार्प. तिच्याबद्दल मी कुणालाही कधीही सांगायला तयार असते, घरच्यांना पाठ झालंय. १९५२ च्या सुमारास ती न्यूयॉर्कजवळच्या एका भूगर्भ संशोधन केंद्रात नकाशे काढायचं काम करायची. जहाजावर बाईला घ्यायचे नाहीत, मग तिचा सहकारी ब्रूस हीझन समुद्रावर जाऊन सोनारचे आकडे आणणार आणि ती ऑफिसात बसून ते कागदावर उतरवणार, हजारो हजारो आकडे, टाक आणि शाईने. उत्तर अटलांटिक आडवे कापणारे सहा छेद तिने एकाखाली एक काढले. मधोमध डोंगररांग आहे हे आधीच माहीत होतं, पण तिला दिसलं की प्रत्येक छेदात त्या रांगेच्या माथ्यावर, जवळपास त्याच जागी, एक इंग्रजी व्ही सारखी खाच आहे. डोंगर सगळे वेगवेगळे, खाच मात्र सगळीकडे. म्हणजे तळ तिथे फाटत चाललाय, दोन्ही बाजू एकमेकींपासून लांब जातायत. त्या काळात खंड सरकतात हे म्हणणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं होतं. हीझन म्हणाला, या बायकी गप्पा आहेत.

तिने वाद घातला नाही, पुन्हा काढलं. शेजारच्या टेबलावर हॉवर्ड फॉस्टर नावाचा एक माणूस, त्याला ऐकू येत नसे, तो समुद्रातल्या भूकंपांच्या जागा नकाशावर टिंबांनी मांडत होता, टेलिफोनच्या केबल कुठे टाकायच्या ते ठरवण्यासाठी. दोन्ही नकाशे एकाच मापाचे होते. एकावर एक ठेवून खालून दिवा लावला तर भूकंपाची टिंबं तिच्या खाचेतूनच रांगेने जात होती. तेव्हा कुठे हीझनला पटलं. समुद्राखाली फिल्म काढणाऱ्या जाक कूस्तोचाही विश्वास नव्हता, त्याने हे खोटं ठरवायला म्हणून आपल्या जहाजामागे कॅमेरा ओढत नेला, आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने स्वतःच ती दरी फिल्मवर दाखवली. थार्पला जहाजावर पाय ठेवायला मिळाला तो १९६८ मध्ये. तोपर्यंत तिने अख्ख्या महासागरांचे तळ काढले होते, न बघता. आपण शाळेत, ऑफिसात, कुठेही समुद्राच्या तळाचा जो निळा नकाशा बघतो, डोंगररांगांची शिवण असलेला, तो तिच्या आणि हीझनच्या कामावरून हाइनरिख बेरान या चित्रकाराने रंगवलेला, १९७७ साली छापलेला.

आणि १९७७ म्हटलं की मला थांबताच येत नाही, कारण त्याच वर्षी गालापागोस.

झालं असं, की तळ फाटतोय तर तिथून गरम पाणी बाहेर पडत असलं पाहिजे, असा अंदाज होता. तो तपासायला भूगर्भशास्त्रज्ञांची एक टोळी फेब्रुवारीत गालापागोस बेटांजवळ गेली. जीवशास्त्रज्ञ एकही नाही, कारण अडीच हजार मीटरवर बघण्यासारखं काही जिवंत असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. आधी त्यांनी एक लोखंडी सांगाडा तळाच्या वर ओढत नेला, त्यावर कॅमेरा आणि पाण्याचं तापमान मोजायचं यंत्र. रात्रभर दर काही सेकंदांनी एक फोटो. मधेच तापमान जरासं वाढलं, तीन मिनिटंसुद्धा नाही, आणि परत खाली आलं. सांगाडा वर आला, फिल्म धुतली, तीन हजार फोटो. काळा दगड, काळा दगड, काळा दगड. ज्या वेळी तापमान वाढलं होतं त्या वेळचे फोटो काढून बघितले तर तेरा फोटोंत पांढऱ्या आणि तपकिरी शिंपल्यांचा खच पडलेला. पुढच्या फोटोत परत काळा दगड.

मी ते तेरा फोटो मनात कितीदा बघितले असतील. तीन हजार फोटो डोळ्यांखालून घालणाऱ्या माणसाबद्दल विचार करते. ती तापमानाची नोंद शेजारी नसती तर? झोपेत एक रीळ जरा भरभर सरकवलं असतं तर?

मग ॲल्विन पाणबुडी खाली गेली, तीन माणसं बसतील एवढा गोळा. समोर दगडांतून झुळझुळ पाणी येतंय, गरम हवेतून बघावं तसं थरथरतंय, आणि भोवती शिंपले, खेकडे, आणि पांढऱ्या नळ्यांतून बाहेर आलेले लालभडक तुरे असलेले किडे. वर आणलेल्या पाण्याची बाटली उघडली तर सडक्या अंड्यांचा वास सगळ्या लॅबमध्ये, हायड्रोजन सल्फाइड. प्राणी टिकवायला फॉर्मॅलिन अगदी थोडंसं होतं, जीवशास्त्रज्ञच नव्हते तर आणणार कोण, म्हणून उरलेले नमुने वाटेत घेतलेल्या रशियन व्होडकामध्ये बुडवून आणले.

तो नळीतला किडा, त्याला तोंड नाही. पोट नाही. आतडं नाही. मग तो खातो काय? याचं उत्तर दिलं एका विद्यार्थिनीने. १९८० मध्ये हार्वर्डमध्ये एका व्याख्यानात मेरेडिथ जोन्स हे शास्त्रज्ञ सांगत होते की या किड्याच्या शरीरात एक मोठा मऊ भाग आहे आणि त्यात गंधकाचे स्फटिक सापडले, तेवढ्यात कोलीन कॅव्हनॉ उभी राहिली आणि म्हणाली की याच्या आत गंधकावर जगणारे बॅक्टेरिया असणार, तेच याला खाऊ घालतायत. तिच्या हातात तेव्हा काही पुरावा नव्हता. तिने नमुना मागून घेतला, तपासला, आणि १९८१ मध्ये पेपर आला. किडा त्या लाल तुऱ्याने गंधक आणि ऑक्सिजन दोन्ही ओढून आत पोचवतो आणि बॅक्टेरिया त्याच्यासाठी अन्न तयार करतात. सूर्याशिवाय चालणारा संसार. (इथे एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते म्हणून सांगते, सूर्य पूर्ण वगळता येत नाही, कारण तो ऑक्सिजन शेवटी वरच्या पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या हिरव्या जीवांनीच केलेला असतो. पण तरी.)

हे सगळं सनसनाटी आहे म्हणून लोकांना माहीत असतं. मला त्याच्या बरोबरीने आवडते ती रेशमाची गोष्ट, ती फार कुणी सांगत नाही. ॲलिस्टर हार्डी नावाच्या जीवशास्त्रज्ञाने एक पेटी बनवली, जहाजाच्या मागे ओढायची. पुढच्या भोकातून पाणी आत येतं, आत रेशमाची पट्टी हळूहळू सरकत असते, पाणी गाळलं जातं, प्लँक्टन, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, पट्टीवर अडकतं, लगेच वरून दुसरी रेशमाची पट्टी येऊन बसते आणि दोन्ही गुंडाळल्या जाऊन फॉर्मॅलिनमध्ये जातात. १९३१ पासून साधी मालवाहू जहाजं, त्यांच्या नेहमीच्या मार्गावर जाता जाता, ही पेटी ओढत आली आहेत. मग ती पट्टी उलगडून, तुकडे करून, सूक्ष्मदर्शकाखाली कुणीतरी एकेक जीव ओळखून मोजतं. नव्वद वर्षांच्या वर. पद्धत मुद्दाम फारशी बदलली नाही, बदलली तर जुन्या आकड्यांशी जुळणार कसं.

आता यातून काय निघालं बघा. समुद्र गरम होतोय तसे कुठले प्लँक्टन उत्तरेकडे सरकले ते कळलं, ते तर झालंच. पण या साठवलेल्या जुन्या पट्ट्या २००४ च्या सुमाराला काढून बघितल्या तेव्हा साठच्या दशकापासूनच्या रेशमात प्लास्टिकचे बारीक धागे सापडले, आणि ते पुढच्या काळात वाढलेले. ज्यांनी त्या पट्ट्या गुंडाळल्या त्यांच्या डोक्यात हा प्रश्न येणं शक्यच नव्हतं. आणि पेटीला काही अडकून बिघाड झाला की त्याची नोंद वहीत व्हायची, त्या वह्यांत १९५७ साली मासेमारीची प्लास्टिकची दोरी अडकल्याची आणि १९६५ साली प्लास्टिकची पिशवी अडकल्याची नोंद मिळाली. बिघाडाची नोंद! ज्याने लिहिली त्याला ती कटकट वाटली असेल, आज ती समुद्रातल्या प्लास्टिकच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी आहे.

भाचीला विचारलं होतं की जहाजावर सगळ्यात जास्त वेळ कशात गेला. मला वाटलं सांगेल देवमासे बघितले वगैरे. म्हणाली, "मावशी, बाटल्या भरण्यात." ती चौकट वर आली की तिच्यावर गोल उभ्या केलेल्या नळ्यांत वेगवेगळ्या खोलीचं पाणी असतं, आणि ते काढायचा क्रम ठरलेला. आधी ऑक्सिजनसाठी, कारण नळीत हवा शिरली की आकडा चुकला. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग तळापासून भरत आणायची, ओसंडू द्यायची, झाकण तिरकं सरकवून लावायचं, उलटी करून उजेडात धरायची आणि बघायचं की बुडबुडा नाही ना. एक जरी दिसला तर ओतून परत. रात्री तीनला, डेकवर, चार अंश तापमानाच्या पाण्यात बोटं बधिर झालेली. तिने मला हे हाताने करून दाखवलं, रिकाम्या बाटलीने, आणि ती उजेडात धरताना तिचे डोळे बारीक झाले तेव्हा मला एकदम ती मोठी झालेली दिसली.

आता माणसांच्या जोडीला यंत्रंही आहेत हे खरं. आर्गो नावाचे तरंगते रोबॉट जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार आहेत, माणसाएवढ्या उंचीची नळी, आत तेलाची पिशवी, तेल बाहेरच्या फुग्यात ढकललं की नळी वर येते, आत ओढलं की बुडते. हजार मीटरवर वाहत राहायचं, दहा दिवसांनी दोन हजारावर बुडी मारायची, तिथून वर येता येता तापमान आणि खारटपणा मोजायचा, वर येऊन सॅटेलाइटला सांगायचं, परत खाली. माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे जी जास्तीची उष्णता अडकली तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्राने घेतलीय, आणि तिचा आज इतका पक्का हिशोब ठेवता येतो तो मुख्यतः या नळ्यांमुळे. आणि हे आकडे कुणालाही बघता येतात, एका दिवसाच्या आत, फुकट.

तसंच मी रात्री आरओव्हीचं लाइव्ह बघते. आरओव्ही म्हणजे केबलला बांधलेली रिमोटवरची पाणबुडी, माणूस नसलेली. संशोधन जहाजं आता तिचा कॅमेरा थेट इंटरनेटवर दाखवतात आणि शास्त्रज्ञ बोलत असतात ते ऐकू येतं. बराच वेळ काहीच होत नाही. करडा गाळ, वरून सतत पडणारा तो पांढरा भुरभुर कचरा, मेलेल्या प्लँक्टनचा, विष्ठेचा, चिकट धाग्यांचा, खालचं बहुतेक जग याच्यावरच जगतं. दोन लाल लेझरचे ठिपके दहा सेंटिमीटर अंतरावर, मापासाठी. आणि मग एक दिवस समोरून एक गुलाबी, जवळजवळ पारदर्शक समुद्रकाकडी पोहत आली. पोहत! समुद्रकाकडी म्हणजे गाळात पडून राहणारा प्राणी हीच माझी समजूत. तिच्या पुढच्या बाजूला झालर होती, छत्री मिटावी तशी ती मिटत उघडत होती, आणि आरपार आत तिचं आतडं दिसत होतं, नागमोडी, नुकत्याच खाल्लेल्या गाळाने भरलेलं. शास्त्रज्ञ बोलायचे थांबले. दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही आणि मग एक जण नुसतं "वॉव" म्हणाला.

मार्च २०२५ मध्ये साउथ सँडविच बेटांजवळ अशाच एका डाइव्हमध्ये, सहाशे मीटरवर, एक काचेसारखं माकूळ दिसलं, जेमतेम तीस सेंटिमीटरचं. नंतर तज्ज्ञांनी व्हिडिओ तपासला, हातांवरचे हुकांसारखे काटे बघितले, आणि सांगितलं की हे कलोसल स्क्विडचं पिल्लू. जगातला सगळ्यात वजनदार बिनकण्याचा प्राणी, स्पर्म व्हेलच्या पोटात सापडलेल्या तुकड्यांवरून १९२५ मध्ये त्याचं नाव ठेवलं, आणि त्याच्या स्वतःच्या घरात तो जिवंत पहिल्यांदा कॅमेऱ्यावर दिसायला शंभर वर्षं लागली.

शंभर वर्षं का लागली ते दुसऱ्या एका आकड्यावरून कळतं. २०२५ मध्येच एक अभ्यास आला, १९५८ पासूनच्या सुमारे ४४ हजार खोल बुड्यांच्या नोंदी जमवून, की खोल समुद्राच्या तळाचा किती भाग माणसाने प्रत्यक्ष डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने बघितलाय. उत्तर, ०.००१ टक्क्याहूनही कमी. आणि त्यातलं ९७ टक्के बघणं पाच देशांतल्या संस्थांनी केलेलं. नकाशाची परिस्थिती जरा बरी, नीट सोनारने मोजलेला तळ २०१७ मध्ये सहा टक्के होता तो २०२५ च्या जूनपर्यंत २७.३ टक्के झाला. बाकीचा जो नकाशात दिसतो तो सॅटेलाइटवरून काढलेला अंदाज, पाण्याखालचा डोंगर आपल्या ओढीने वरच्या पाण्याला किंचित फुगवटा आणतो, त्या फुगवट्यावरून. अफलातून युक्ती आहे, पण त्यात डोंगर दिसतो, डोंगरावर कोण राहतं ते दिसत नाही.

म्हणून मला खाणकामाच्या बातम्या वाचून पोटात गोळा येतो. चॅलेंजरला १८७३ मध्ये तळातून बटाट्याएवढे काळे गोळे मिळाले होते, मॅंगनीज, निकेल, कोबाल्ट असलेले. हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. हवाई आणि मेक्सिकोच्या मधल्या पट्ट्यात ते तळावर पसरलेत आणि ते उचलायला बऱ्याच कंपन्या तयार आहेत. त्या पट्ट्यात आत्तापर्यंत ५,५७८ जातींचे प्राणी नोंदले गेलेत, त्यातल्या फक्त ४३६ जातींना नाव आहे. बाकीच्यांना नुसते नंबर. त्यातले काही त्या गोळ्यांवरच चिकटून राहतात, आसपास दुसरं काही टणक नसतंच, गोळा गेला की घर गेलं. १९७९ मध्ये तिथे चाचणीसाठी एक यंत्र फिरवलं होतं, २०२३ मध्ये शास्त्रज्ञ परत जाऊन आले तर चव्वेचाळीस वर्षांनी त्याच्या चाकोऱ्या तशाच, काही छोटे प्राणी परतलेत, मोठे फारसे नाहीत. मोबाइलच्या बॅटरीला धातू लागतो हे मला कळतं, मी हे मोबाइलवरच टाइप करतेय. पण नाव ठेवायच्या आधी नाहीसं करायचं, हे मला पटत नाही आणि पटणार नाही. कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या समुद्रासाठी २०२३ मध्ये जो करार झाला तो १७ जानेवारी २०२६ ला लागू झाला, खाणकामाचे नियम त्याच्या हातात नाहीत, ते वेगळ्या प्राधिकरणाकडे आहेत, तरी काही करायच्या आधी तिथे काय आहे ते तपासा ही सवय निदान कागदावर आली.

हे लिहिता लिहिता शेजारच्या स्क्रीनवर एक डाइव्ह सुरू झालीय. चार हजार मीटर जायचंय, अडीच तास तरी लागतील. मगाशी निळं होतं, मग गडद निळं, आता काळं, आणि दिव्याच्या उजेडात तो पांढरा भुरभुरा वर जाताना दिसतोय, म्हणजे खरं तर आपण त्याच्यापेक्षा वेगाने खाली चाललोय. पायलट कुणाला तरी विचारतोय की केबल किती सोडली. ११२० मीटर. ११२४. कप टेबलावर समोरच ठेवलाय.